वळिवड्यातील पोलंड : लोक, संसार आणि अर्थजीवन

दिल्लीच्या उत्तरेकडील डोंगरकण्यावर हिंदुराव हे नाव आज एका रुग्णालयाच्या रूपाने सर्वांच्या ओठी आहे. ते नाव कोणाचे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील जयसिंगराव उर्फ हिंदुराव हे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाजूला पडलेल्या या मराठा सरदाराने दिल्लीत वास्तव्य केले, आणि २२ मार्च १८३५ रोजी विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर त्याची या कण्यावरील कोठी विकत घेतली. १८५७ च्या वेढ्यात हीच कोठी इंग्रजी फौजेचे प्रमुख ठाणे झाली आणि मालकाच्या नावासह लष्करी इतिहासात जाऊन बसली. करवीर परिसरात मूळ असलेला एक परागंदा पुरुष अशा रीतीने युरोपीय माणसाच्या घरात राहिला. त्यानंतर शतकभराने याच्या नेमका उलट प्रवास घडला. युरोपातील एका राष्ट्राचे हजारो परागंदा लोक करवीरच्या मातीवर येऊन राहिले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे वसलेली पोलिश निर्वासितांची वसाहत हा तो प्रसंग होय.

या वसाहतीचा उल्लेख होतो तेव्हा तो बहुधा आतिथ्याच्या गौरवासाठी होतो. गौरव अस्थानी नाही. परंतु केवळ आतिथ्याची भाषा वापरली की आलेले लोक निव्वळ दयेचे विषय ठरतात आणि त्यांचा देश, त्यांची घडण, त्यांचा व्यवहार दृष्टिआड होतो. वळिवड्यात जे आले ते एका आधुनिक राष्ट्राचे नागरिक होते. राज्य हरपल्यावरही समाज आणि अर्थजीवन कसे सांभाळावे याचा दीड शतकाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. तो अनुभव ध्यानात घेतल्याखेरीज वळिवड्याचा अर्थ पुरता उलगडत नाही.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन विभाजनांनी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या सत्तांनी पोलंडचे राज्य आपसांत वाटून घेतले. पुढील १२३ वर्षे युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. सशस्त्र उठावांची परंपरा या काळात निर्माण झाली. पण १८६३ चा रशियाविरुद्धचा उठाव चिरडला गेल्यानंतर पोलिश विचारवंतांच्या एका पिढीने निराळा मार्ग पुरस्कारला. त्याला त्यांनी ‘सेंद्रिय कार्य’ असे नाव दिले. शिक्षणाचा प्रसार, शेतीची सुधारणा, पतसंस्था, शेतकरी मंडळे, लहान उद्योग यांच्या द्वारे समाजाचे शरीर सुदृढ करावे, म्हणजे संधी येताच राज्य उभे राहील, अशी ही धारणा होती. प्रशियाच्या ताब्यातील पोझनान प्रांतात तिला विशेष बळ आले. १८८६ पासून प्रशियन सरकारने पोलिशांच्या जमिनी विकत घेऊन तेथे जर्मन शेतकरी वसवण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा पोलिशांनी आपल्या सहकारी पतपेढ्यांच्या आधारे जमिनी राखण्याचा आणि नव्याने मिळवण्याचा उद्योग आरंभला. सत्ता परक्याची असतानाही बाजारात आपली जागा धरून ठेवण्याची ही झुंज होती.

मराठी वाचकाला ही विचारसरणी अपरिचित वाटू नये. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८३ मध्ये प्रशियातील जमीनविषयक कायद्यांचा परामर्श घेतला होता. त्या प्रशियात पोलंडचा एक विभागही मोडत होता. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याची कारणमीमांसा केली. राजकीय सत्ता हाती नसलेल्या समाजाने आर्थिक विचार करावयाचा तो कसा, हा प्रश्न पुणे आणि पोझनान या दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास विचारला जात होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. प्रश्नच समान परिस्थितीतून उद्भवला होता.

पोलिश साहित्याने या अर्थजीवनाची नोंद मोठ्या विस्ताराने केली आहे. बोलेस्वाव्ह प्रूस याने वॉर्सॉमधील व्यापारी वर्गाला कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. व्वादिस्वाव्ह रेमाँट याने ‘वचनभूमी’ या कादंबरीत लॉड्झ या कापडगिरण्यांच्या शहराचे चित्र रेखाटले. तेथील भांडवल आणि श्रम यांत पोलिश, जर्मन आणि ज्यू असे तिन्ही समाज गुंतलेले होते. पुढे ‘शेतकरी’ या चार खंडांच्या कादंबरीत त्याने एका खेड्याचे वर्ष ऋतुक्रमाने सांगितले. जमिनीची ओढ, वाटण्यांवरून होणारे कलह, जंगलावरील हक्काचा झगडा हे तिचे विषय आहेत. या ग्रंथासाठी रेमाँटला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षी पोलंडच्या शेतकऱ्याला जागतिक साहित्यात मान्यता मिळाली, त्याच वर्षी पोलंडला स्वतःचे स्थिर चलनही लाभले, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

नोव्हेंबर १९१८ मध्ये स्वतंत्र झालेला पोलंड आर्थिकदृष्ट्या एकसंध नव्हता. तीन साम्राज्यांचे तीन तुकडे जोडून तो बनला होता. प्रत्येक तुकड्याचे चलन, करपद्धती, कायदे भिन्न होते. रशियन भागातील रेल्वेमार्गांची रुंदीही उर्वरित भागांशी जुळत नव्हती. लोहमार्ग पूर्वी बर्लिन, व्हिएन्ना आणि पीटर्सबर्ग यांच्या सोयीने आखले गेले होते. पोलिश शहरांना परस्परांशी जोडणे हे त्यांचे प्रयोजनच नव्हते. १९२३ मध्ये चलनवाढीने कळस गाठला. दुसऱ्या वर्षी व्वादिस्वाव्ह ग्राब्स्की या पंतप्रधानांनी ‘झ्वोटी’ हे नवे चलन आणून अर्थव्यवस्थेला स्थैर्य दिले. ग्दिनिया हे कोळ्यांचे गाव पाहता पाहता बाल्टिक समुद्रावरील अग्रगण्य बंदर झाले. १९३६ नंतर देशाच्या मध्यभागी नवे औद्योगिक क्षेत्र उभारण्याची योजना सुरू झाली. तथापि १९३१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ कोटी २० लाख लोकसंख्येपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोक शेतीवरच अवलंबून होते. लोकसंख्येचा जवळजवळ एक तृतीयांश भाग युक्रेनी, ज्यू, बेलारूसी, जर्मन अशा अल्पसंख्याकांचा होता. पूर्वेकडील सरहद्दीचे प्रांत विशेष मागासलेले होते. तेथे सरकारने माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवले होते, आणि या वसाहतींविषयी स्थानिक युक्रेनी व बेलारूसी शेतकऱ्यांच्या मनात रोषही होता. ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. कारण वळिवड्यास आलेल्यांपैकी बहुसंख्य याच पूर्व प्रांतांतील होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लोकांना चार लाटांत सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यप्रदेशांत हद्दपार केले. त्यांची संख्या पूर्वी दहा लाखांच्या वर मानली जाई. पुढे उघड झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून ती तीन लाखांहून थोडी अधिक दिसते. माजी सैनिक शेतकरी, वनरक्षक, पोलीस, शिक्षक, सरकारी नोकर यांची कुटुंबे त्यांत प्रामुख्याने होती. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर ३० जुलै १९४१ च्या कराराने या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. जनरल आंदेर्स यांच्या सेनेबरोबर १९४२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार माणसे इराणात पोहोचली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास नागरिक होते. सैनिक रणांगणाकडे गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान येथे पाठवण्यात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांसाठी वसतिस्थान उभारले, तर कुटुंबांसाठी दीर्घ मुदतीची मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे स्थापन झाली.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. संस्थानची भूमी, हिंदुस्थान सरकारची व्यवस्था आणि लंडनस्थित पोलिश सरकारचा पैसा अशा तीन आधारांवर वसाहत उभी राहिली. मिरज–कोल्हापूर लोहमार्गालगत, पंचगंगेपासून जवळ, दगडी जोत्यांच्या, कौलारू छपरांच्या आणि बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असलेल्या लांबच लांब चाळी बांधण्यात आल्या. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास पहिले रहिवासी आले आणि पुढे लोकसंख्या पाच हजारांच्या घरात गेली. प्रत्येक कुटुंबाला छोटे स्वतंत्र बिऱ्हाड आणि स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले. छावणीला गावाचे रूप यावयास ही एक गोष्ट निर्णायक ठरली.

सामुदायिक पंगतीत वाढलेले अन्न खाणारा माणूस निर्वासित राहतो. स्वतःच्या चुलीसाठी बाजारातून जिन्नस निवडून आणणारी स्त्री पुन्हा गृहिणी होते. वळिवड्यात कुटुंबांना मासिक भत्ता रुपयांत मिळे आणि घरखर्च त्यातूनच भागवावा लागे. भाजीपाला, अंडी, दूध, फळे, कोंबड्या घेऊन आसपासच्या खेड्यांतील विक्रेते वसाहतीत येत. दुकाने निघाली, सहकारी भांडार सुरू झाले, पावाची भट्टी पेटली. घासाघीस करण्यापुरते मराठी पोलिश बायकांनी आत्मसात केले, आणि विक्रेत्यांच्या तोंडी पोलिश अंक व भाज्यांची नावे रुळली. गुळाच्या पेठेसाठी विख्यात असलेल्या कोल्हापूरला बाहेरच्या व्यापाराचे वावडे कधीच नव्हते. शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसवून आणि गिरणी काढून व्यापारउदिमाचा पाया घातला होता. अशा मुलखात पाच हजार नियमित गिऱ्हाइकांची एक वस्ती अकस्मात निर्माण झाली, याचे महत्त्व भोवतालच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

या अर्थव्यवहाराची मर्यादाही स्पष्ट आहे. वसाहतीचे स्वतःचे उत्पादन अल्प होते. शिवणकाम, भरतकाम, वसाहतीतील शाळा, दवाखाना आणि कचेरी यांतील नोकऱ्या एवढीच उपजीविकेची क्षेत्रे होती. तिचा मुख्य आधार बाहेरून येणारा पैसा हाच होता, आणि परागंदा पोलिश सरकारही ब्रिटिश पतपुरवठ्यावर अवलंबून होते. तरीही उपलब्ध पैसा कशावर खर्च झाला हे पाहणे उद्बोधक आहे. प्राथमिक शाळांपासून उच्च माध्यमिक विद्यालयापर्यंत आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणापासून व्यवसायशिक्षणापर्यंत सारी शिक्षणव्यवस्था पाच हजारांच्या या वस्तीत उभी राहिली. चर्च, नाट्यगृह, ग्रंथालय, बालवीर पथके निर्माण झाली. मुंबईहून निघणारे ‘हिंदुस्थानातील पोलिश माणूस’ अशा अर्थाच्या नावाचे नियतकालिक घरोघर वाचले जाई. पुरुष रणांगणावर असल्याने हा सारा डोलारा प्रामुख्याने स्त्रियांनी सांभाळला. एकोणिसाव्या शतकातील ‘सेंद्रिय कार्य’ येथे पुन्हा अवतरले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. राज्य गेले तेव्हा शाळा आणि पतपेढी धरून ठेवावी, हे त्या समाजाने आजोबा-पणजोबांच्या काळातच शिकून घेतले होते.

वळिवड्याच्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ आणखी वेगळा होता. तोवर मराठी खेडुताला ठाऊक असलेला गोरा माणूस म्हणजे कलेक्टर, रेसिडेंट, लष्करी अंमलदार किंवा फार तर मिशनरी. त्याच्यासमोर उभे राहावयाचे ते अर्जदार म्हणून. येथे मात्र गोरी बाई स्वतः पाणी भरत होती, कपडे धूत होती, कांद्याच्या भावासाठी हुज्जत घालीत होती आणि तिच्या मुलांच्या पायांत प्रसंगी वहाणाही नव्हत्या. १९४३ च्या सुमारास शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ इंग्रजी अंमलाला आव्हान देत होती. त्याच काळात, काही कोसांवर, युरोपातीलच एक समाज दुसऱ्या युरोपीय सत्तांनी देशोधडीस लावलेला दिसत होता. गौरवर्ण म्हणजे सत्ता हे समीकरण मोडण्यास एखाद्या व्याख्यानापेक्षा असा बाजार अधिक उपयोगी पडला असेल.

या चित्राची दुसरी बाजूही इतिहासकाराने मांडावयास हवी. ज्या १९४३ मध्ये वळिवड्याच्या चाळी उभ्या राहिल्या, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यांवर मरत होती. त्या दुष्काळातील बळींची संख्या तीस लाखांपर्यंत असावी असा अंदाज केला जातो. एकाच साम्राज्याच्या छत्राखाली एका समाजासाठी भत्ता आणि दवाखाना यांची तरतूद झाली आणि दुसऱ्यासाठी अन्नधान्यही पोहोचू शकले नाही. याचा दोष पोलिश स्त्रियांच्या माथी मारता येत नाही, कारण त्यांच्या निर्वाहासाठी त्यांच्याच सरकारने पैशाची सोय केली होती. मात्र या वसाहतीच्या स्मरणातून बंगालचा दुष्काळ वगळला, तर आतिथ्याची कथा गोड होते आणि तितकीच अपुरी राहते.

पोलंड आणि मराठी मुलूख यांचा संबंध वळिवड्यापुरता सीमित नव्हता. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू अभियंता हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या विचाराकडे ओढला गेला आणि औंध संस्थानच्या प्रसिद्ध स्वराज्य-संविधानाच्या घडणीत अप्पासाहेब पंत यांच्यासह सहभागी झाला. याच फ्रीडमनने पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप सिद्ध केले. १९७३ मध्ये प्रकाशित झालेल्या त्या ग्रंथामुळे खेतवाडीतील एका मराठी सत्पुरुषाची वाणी जगभर पोहोचली. वांदा दिनोव्स्का उर्फ उमादेवी या विदुषीने १९४४ मध्ये फ्रीडमनच्या साहाय्याने पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भगवद्गीता पोलिश भाषेत नेली. निर्वासितांना ज्या देशात दिवस काढावे लागत आहेत त्याची ओळख त्यांच्याच भाषेत करून द्यावी, हा त्या उद्योगामागील एक हेतू होता.

युद्ध संपले, आणि वळिवड्याचा खरा पेच तेव्हाच सुरू झाला. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेने पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची गावे, शेते आणि घरे आता सोव्हिएत संघात गेली होती. देश अस्तित्वात होता, पण त्यांचे गाव त्या देशात नव्हते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली; वसाहतीचा खर्च प्रथम ब्रिटिश तिजोरीच्या हंगामी समितीकडे आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य-यंत्रणांकडे गेला. पोलंडमध्ये जानेवारी १९४६ च्या कायद्याने प्रमुख उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. परतावे तर अपरिचित प्रदेशात, अपरिचित राजवटीखाली. न परतावे तर जन्मभराचे परदेशी व्हावे, अशी ही कोंडी होती. काहींनी मायदेश पत्करला. मोठा भाग सैनिकांच्या कुटुंबीयांसह ब्रिटनला गेला. काही पूर्व आफ्रिकेत, तर पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत पांगले. १९४८ च्या प्रारंभी वसाहत रिकामी झाली. जे येथेच निवर्तले त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिल्या.

चाळी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे तेथे येऊन वसली आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. घाऊक कापडबाजार म्हणून गांधीनगरची आजची ख्याती दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दूरवर आहे. पोलिशांनी जेथे ग्राहकांची वस्ती वसवली, तेथे सिंधी समाजाने व्यापाऱ्यांची पेठ उभी केली. दोहोंतील भेद त्यांच्या परिस्थितीतून आला. पोलिशांना परतण्याची आशा होती, म्हणून त्यांनी मुलांच्या शाळांत गुंतवणूक केली; सिंधी बांधवांना परतीचा मार्गच नव्हता, म्हणून त्यांनी दुकानांत केली. दिल्लीत हिंदुरावांची कोठी परक्यांच्या हाती गेली तरी नाव टिकले. वळिवड्यात वास्तू आणि नाव ही दोन्ही दुसऱ्यांची झाली. मराठी ललित वाङ्मयातही या वसाहतीला लाभलेले स्थान अल्पच आहे.

स्मृती जपली ती प्रथम पोलिशांनीच. लंडनमध्ये संघटित झालेल्या माजी रहिवाशांनी आपल्या आठवणी आणि कागदपत्रे एकत्र करून २००० मध्ये पोलिश भाषेत एक बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. २००९ मध्ये तो इंग्रजीत आला. कोल्हापुरातील महावीर उद्यानात १९९८ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला गेला. वॉर्सॉमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारकफलक बसला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

दरम्यान पोलंडही आमूलाग्र बदलला. साम्यवादी राजवटीतही त्याच्या बहुतेक शेतजमिनी खाजगी कुटुंबांकडेच राहिल्या, ही पूर्व युरोपात अपवादभूत गोष्ट. १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी ‘सॉलिडॅरिटी’ संघटना उभारली, जून १९८९ मध्ये निवडणुका झाल्या आणि १ जानेवारी १९९० पासून बाजाराधिष्ठित सुधारणांचे कठोर पर्व सुरू झाले. अनेक कारखाने बंद पडले, बेकारी वाढली; १ मे २००४ रोजी युरोपीय संघात प्रवेश झाल्यावर लक्षावधी तरुण पुन्हा परदेशी कामाला गेले. तरीही २००९ च्या मंदीत युरोपीय संघातील एकट्या पोलंडची अर्थव्यवस्था वाढत राहिली. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा त्याच पूर्व सीमेवरून लाखो स्त्रिया आणि मुले पोलंडमध्ये शिरली, आणि युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही त्या देशाने व्हिसाविना प्रवेश दिला. ज्यांच्या आयाआज्यांनी कधी पंचगंगेकाठी भाजी विकत घेतली होती, त्यांच्या देशात आता निर्वासितांची पोरे शाळांत दाखल होत होती.

वळिवड्याचा इतिहास लिहावयाचा तर कोल्हापूरने जागा, बाजार आणि शेजार दिला. पोलिशांनी भाव चुकता केला, शाळा चालवल्या आणि संसार मांडला, अशी दोन्ही बाजूंची नोंद एकत्र करावी लागेल. अशा नोंदीने कोल्हापूरच्या औदार्याला उणेपणा येत नाही, आणि पाच हजार माणसांचा स्वाभिमानही त्यांच्या पदरी राहतो. त्यासाठी संस्थानचे दप्तर, पोलिश आठवणी आणि गांधीनगरच्या जुन्या रहिवाशांचे कथन यांचा मेळ घालणारे संशोधन मराठीत व्हावयास हवे. वसाहतीत मुले म्हणून राहिलेल्यांपैकी आता थोडेच हयात आहेत. या कामाला फार अवधी उरलेला नाही.